मंगळवारी दिसलेली चूक गुरुवारी का कळली?

या वेळचं पत्र बरंच लांब आहे. त्यातला गाभा पत्रलेखिकेच्याच शब्दांत देते.

‘मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, वय ४३. एका डिझाईन कन्सल्टन्सीत विभागप्रमुख आहे. हाताखाली नऊ जण आणि एका वेळी दहा-अकरा कामं. क्लायंट नाव घेऊन मला मागतात आणि इतरांकडे अडकलेली कामं शेवटी माझ्याच टेबलावर येतात. तरी यंदाच्या अप्रेझलमध्ये संचालकांनी लिहिलं, “टेक्निकली उत्कृष्ट, पण टीम प्लेअर नाही.” बढती तिथेच अडली. वर दोन दिवसांच्या टीम बिल्डिंग शिबिराला जा म्हणतात.

मला गुळमुळीत बोलता येत नाही. चुकलं तर चुकलं म्हणते, तेही सगळ्यांसमोर, म्हणजे सगळे एकदाच शिकतात. वर्षभरात तिघं सोडून गेले, पण जाणारे जातातच. आमच्या विभागात चुकांची नोंद अख्ख्या ऑफिसात सर्वांत कमी आहे. गेल्या महिन्यातलंच सांगते. गुरुवारी साइटवर गेले होते. शुक्रवारी सकाळी स्लॅब भरायचा होता, सळई बांधून तयार. मी नुसती नजर टाकली आणि लक्षात आलं की कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूने आधार असलेल्या, बाल्कनीच्या वरच्या सळया विरळ आहेत. ड्रॉइंगच्या सुधारित प्रतीत दोन सळयांमधलं अंतर १०० मिमीच्या जागी १५० मिमी पडलं होतं. तिथल्या तिथे काम थांबवलं. मी गेले नसते तर? नंतर कळलं, आमच्या एका ज्युनिअरला हे मंगळवारीच दिसलं होतं. का सांगितलं नाहीस विचारलं तर म्हणतो, “मॅडम, तुम्ही त्या दिवशी घाईत होतात.” अशी माणसं हाताशी घेऊन मी काम काढते. आणि आता तोच एक्स्पीरियन्स लेटर मागतोय.

स्टीव्ह जॉब्ज टीम प्लेअर होता का? मी पुरुष असते तर मला खमक्या म्हणाले असते. बाई आहे म्हणून कजाग. मला एवढंच सांगा, ज्याला काम येतं त्याने सगळ्यांशी गोड का वागायचं?’

सही अशी आहे: ‘तोंडाने फटकळ, कामाने चोख’.

*

नमस्कार.

गोड वागायची काही गरज नाही. हे उत्तर आधी देऊन टाकते, कारण तुम्ही तेवढंच विचारलंय आणि ते सोपं आहे. शिबिरात डोळ्यांवर पट्टी बांधून कुणाच्या तरी हातांत पडायचं, संध्याकाळी टाळ्यांच्या तालावर गाणी म्हणायची, हे न जमणारी कितीतरी माणसं उत्तम प्रमुख असतात. आणि जे जमतं ते सगळंच चांगलं असतं असंही नाही. सगळ्यांच्या वाढदिवसाला पुढे असणारे पण कठीण निर्णयाच्या दिवशी हमखास रजेवर असणारे प्रमुख मी पाहिले आहेत.

पण तुमच्या पत्रात एक वाक्य असं आहे की ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. तुम्ही ते आपल्या बाजूचा पुरावा म्हणून लिहिलंय. मला ते तुमच्याविरुद्धचा पुरावा वाटतं. ‘मॅडम, तुम्ही त्या दिवशी घाईत होतात.’

मंगळवार ते गुरुवार. मधल्या काळात ते चुकलेलं ड्रॉइंग साइटवर पोचलं, सळई कापली गेली, वाकवली गेली, बांधली गेली. कॅन्टिलिव्हरला वरची सळईच तारते हे तुम्हाला माझ्यापेक्षा शंभर पटीने माहीत. तुमची नजर पडली म्हणून निभावलं, हे खरं आहे आणि त्या नजरेला माझा नमस्कार आहे. पण ती चूक शोधायला नजर लागलीच नव्हती. ती मंगळवारीच सापडली होती. तुमच्या टेबलापासून चार पावलांवर. ती चार पावलं कोणी चाललं नाही, म्हणून तुम्हाला साइटवर जाऊन नशिबाने वाचावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, तो मुलगा घाबरट आहे, माझा काय दोष? असेलही घाबरट. पण या बाबतीत तुम्हा दोघांपेक्षा फार मोठी माणसं अडकली आहेत, म्हणून एक घटना जरा सावकाश सांगते.

२७ मार्च १९७७. टेनेरिफ बेटावरचा छोटा विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे इकडे वळवलेल्या विमानांनी तो भरून गेलेला, त्यात धुकं उतरलेलं. केएलएम या डच विमान कंपनीच्या जंबो जेटचे कॅप्टन व्हान झांटेन हे कंपनीचे जंबोवरचे मुख्य प्रशिक्षक होते. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचा फोटो असायचा. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला जंबो चालवायला लायक ठरवणारी परीक्षा दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच घेतली होती. निघायच्या घाईत त्यांनी पहिल्यांदा विमान पुढे काढलं, तेव्हा सहवैमानिकाने अडवलं की परवानगी अजून मिळालेली नाही. कॅप्टन थांबले, म्हणाले, माहीत आहे मला, विचार. थोड्याच वेळात, उड्डाणाची स्पष्ट परवानगी नसतानाच, त्यांनी पुन्हा विमान पुढे काढलं. या वेळी सहवैमानिकाने अडवलं नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने मात्र विचारलं की ते पॅन अ‍ॅमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना? कॅप्टनने ठासून ‘हो’ म्हटलं. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. पॅन अ‍ॅमचं विमान धावपट्टीवरच होतं. ५८३ माणसं गेली.

दोष एकट्या कॅप्टनचा नव्हता. धुकं होतं, रेडिओवर दोन संदेश एकमेकांत मिसळले, शब्द संदिग्ध होते. व्हान झांटेन वाईट माणूस होते किंवा सहकाऱ्यांवर खेकसायचे, असंही मी म्हणत नाही. माझं लक्ष जातं ते त्या इंजिनिअरकडे. बरोबर प्रश्न त्याच्या तोंडून बाहेर पडला होता. दुसऱ्यांदा विचारायला त्याला काय नडलं असेल? समोर बसलेला माणूस कमी हुशार असता तर कदाचित त्याने विचारलं असतं. या अपघातानंतर आणि त्या दशकातल्या अशाच आणखी काही अपघातांनंतर विमान कंपन्यांनी वैमानिकांचं प्रशिक्षण बदलायला घेतलं. कॅप्टनने गोड वागावं, असं त्यात शिकवत नाहीत. कनिष्ठाने शंका कशी लावून धरायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची, एवढंच शिकवतात.

म्हणून ‘टीम प्लेअर’ हा शब्दच मला आवडत नाही. त्यात चार वेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधलेल्या असतात: मनमिळाऊपणा, दुसऱ्याला श्रेय देणं, वरिष्ठांचं निमूट ऐकणं आणि आपल्याला न आवडणारी बातमी आपल्यापर्यंत येऊ देणं. पहिलं जमलं तर छान. दुसरं चारचौघांत जमायलाच हवं. तिसरं तर कधीकधी जमू नये. चौथं मात्र प्रमुखाच्या खुर्चीबरोबर येतं, मग माणूस कितीही हुशार असो. किंबहुना हुशार असेल तर जास्तच, कारण हुशार माणसाला ‘त्यांना दिसलं असेलच’ हे वाक्य आडवं येतं. तुमच्या त्या मुलाच्या मनात भीतीच्या जोडीला हेही असणार. मॅडमनी पाहिलंय म्हणजे १५० च बरोबर असेल, माझंच काहीतरी चुकत असेल.

हे मी अनुभवाने सांगते. एका मासिकाचा संपादन विभाग मी बरीच वर्षं सांभाळला. माझ्या लाल शाईचा दरारा होता आणि मला त्याचा अभिमान होता. कोणी काही विचारायला आलं की मी प्रुफातून मान वर न काढता ‘हं, पुढे?’ म्हणायची. एका अंकाच्या मुखपृष्ठावर गेल्या वर्षीचा सन छापला गेला. ठळक, मधोमध, सगळ्या प्रतींवर. पानं लावणाऱ्या ऑपरेटरला तो दिसला होता. तो म्हणाला, ‘ताई, तुमची सही होती ना खाली.’ मी त्याच्यावरच भडकले. त्या ‘हं, पुढे?’चा हिशेब मांडायला मला आणखी पाच-सहा वर्षं लागली.

तुमच्या विभागात चुकांची नोंद सर्वांत कमी आहे म्हणता. याबद्दल एक गंमत ऐका. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधं देण्यातल्या चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज. आकडे उलटे आले: जिथे गट चांगला, जिथली प्रमुख ऐकणारी, तिथे चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा होत गेला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तर लोक त्या लपवत नव्हते. जिथे धाक होता तिथलं रजिस्टर स्वच्छ होतं. तुमच्या बाल्कनीची चूक मंगळवारी कुठल्या रजिस्टरात होती? तुमच्या विभागाचा तो स्वच्छ आकडा मी तरी प्रशस्तिपत्र म्हणून भिंतीवर लावणार नाही.

आता जॉब्जकडे येते. हा माणूस अशा प्रत्येक पत्रात येतो, त्याचा राग राग करायचं मी सोडून दिलंय. १९८५ मध्ये त्याच्याच कंपनीने त्याला बाजूला सारलं आणि १९९७ मध्ये तो परत आला, हे सगळ्यांना पाठ असतं. मधल्या वर्षांतली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पिक्सार ही अ‍ॅनिमेशन कंपनी त्याच्या मालकीची होती. तिथे दिग्दर्शक आणि लेखक एकत्र बसून तयार होत असलेल्या चित्रपटाची चिरफाड करायचे. तिथले प्रमुख एड कॅटमल यांनी जॉब्जला या बैठकांना येऊ नकोस असं सांगितलं, कारण तो खोलीत असला की बाकीचे मोकळेपणाने बोलणार नाहीत. आणि जॉब्जने ते मानलं. मालकाने! त्याचा स्वभाव त्यामुळे बदलला असं नाही. पण आपण खोलीत असल्याने खोलीचं काय होतं, हे त्याने दुसऱ्याच्या सांगण्यावरून मान्य केलं. जॉब्जचं उदाहरण घ्यायचंच तर हे घ्या.

तरी मला विचाराल तर तुमच्यासारख्यांनी हायमन रिकओव्हर हा माणूस अभ्यासावा. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांचा जनक. याला मनमिळाऊ म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. मुलाखतीला येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना तो पुढचे पाय कापून आखूड केलेल्या खुर्चीत बसवायचा, म्हणजे माणूस सारखा घसरत राहील. नौदलाच्या निवड मंडळाने त्याला दोनदा डावललं. शेवटी १९५३ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दबावामुळे त्याची बढती झाली. पुढच्याच वर्षी ‘नॉटिलस’ ही पहिली अणुपाणबुडी पाण्यात उतरली आणि तो थेट १९८२ पर्यंत, वयाच्या बयाऐंशीव्या वर्षापर्यंत, खुर्चीवर होता.

मग हा कसा टिकला? हुशारी होती, राजकीय पाठबळ होतं, सगळं होतं. पण त्याच्या कार्यालयातली एक पद्धत मला फार बोलकी वाटते. तिथे टाइप होणाऱ्या प्रत्येक कागदाची, अगदी कच्च्या मसुद्याचीसुद्धा, एक गुलाबी कार्बन प्रत त्याच्याकडे जायची. त्यांना ‘पिंक्स’च म्हणायचे. शिवाय कारखान्यांत आणि गोद्यांत बसवलेली त्याची माणसं मधल्या कुणालाही न विचारता थेट त्याला कळवायची की इथे काय बिघडलंय. म्हणजे हा माणूस इतका अंगावर येणारा, तरी वाईट बातमी त्याच्यापासून लपत नव्हती. ती त्याने लोकांच्या धीटपणावर सोडलीच नव्हती. तिच्यासाठी वेगळी वाट बांधून ठेवली होती. तुमचा स्वभाव त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण तुमच्याकडे गुलाबी कागद कुठला आहे?

तुमच्या क्षेत्रातलंच सांगायचं तर न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीची गोष्ट तुम्हाला माहीत असणार. ५९ मजली, १९७७ मध्ये उभी राहिलेली. तिचे स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लमेझरर यांना १९७८ मध्ये, त्यांच्याच सांगण्यानुसार, एका विद्यार्थ्याचा फोन आला आणि त्याच्या प्रश्नांमुळे त्यांनी कोपऱ्यांवर तिरक्या येणाऱ्या वाऱ्याचं गणित पुन्हा मांडलं. त्याच सुमारास त्यांना आणखी एक गोष्ट कळली: सांधे वेल्डिंगने जोडायचे ठरले होते, ते प्रत्यक्षात बोल्टने जोडले होते, म्हणजे त्या वाऱ्यापुढे कमी पक्के. हा बदल त्यांच्याच कार्यालयातून मंजूर होऊन गेला होता, आणि त्यांना पत्ता नव्हता. मग रात्री-रात्री दोनशेहून जास्त सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड करत बसावं लागलं. लमेझरर तिरसट होते म्हणून हे झालं असं मुळीच नाही. पण एवढ्या मोठ्या इंजिनिअरलाही आपल्याच इमारतीबद्दल कुणीतरी येऊन सांगितल्यावरच कळलं, हे ध्यानात घ्या. तुम्ही दहा-अकरा कामं बघता. प्रत्येक ड्रॉइंगची प्रत्येक सुधारित प्रत तुमच्या डोळ्यांखालून जाणं शक्य नाही. जी तुमच्यासमोर येत नाही तिच्यापुरती तुमची हुशारी शून्य आहे. तिथे त्या नऊ जणांची हुशारी चालते, आणि ती तुमच्यापर्यंत येते की नाही यावर सगळं ठरतं.

जाणारे जातातच, हे वाक्यही मी सोडणार नाही. विल्यम शॉकली यांना ट्रान्झिस्टरसाठी १९५६ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी आपल्या कंपनीत निवडून आणलेली माणसं इतकी तल्लख होती की निवडीबद्दल कोणी नाव ठेवू नये. आणि वागणूक अशी की एका किरकोळ जखमेच्या प्रकरणात कोण खोटं बोलतंय हे शोधायला कर्मचाऱ्यांची लाय डिटेक्टर चाचणी घ्यायला निघाले. १९५७ मध्ये त्यांतले आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. त्यांतल्याच दोघांनी, नॉइस आणि मूर यांनी, १९६८ मध्ये इंटेल काढली. शॉकलींच्या कंपनीचं नाव आज इतिहासाच्या पुस्तकात शोधावं लागतं. तुमच्याकडून गेलेले तिघं कोण होते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कामाला कच्चे होते की पक्के? कच्चे गेले असतील तर ठीक. पण सहसा आधी तेच जातात ज्यांना दुसरीकडे सहज काम मिळतं.

खमक्या आणि कजाग याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे. पुरुषाच्या आवाजाला करारीपणा म्हणायचं आणि बाईच्या आवाजाला कटकट, हे मी आयुष्यभर ऐकत आलेय. म्हणून संचालकांना एक करा. विशेषण परत करा आणि प्रसंग मागा. ‘टीम प्लेअर नाही म्हणजे नेमकं कधी, कुठे, काय झालं, ते दोन-तीन प्रसंग सांगा,’ असं लेखी विचारा. आणि तुमच्या बरोबरीच्या पुरुष विभागप्रमुखांच्या अप्रेझलमध्ये स्वभावाबद्दल एक तरी ओळ आहे का, हेही विचारा. नसेल तर भांडा, मी तुमच्या बाजूने आहे. पण एक सांगून ठेवते. त्यांनी प्रसंग म्हणून हीच बाल्कनी पुढे केली, तर तिथे बाई-पुरुष काही नाही. ते ड्रॉइंग बाईचं असो की पुरुषाचं, सळया तेवढ्याच विरळ होत्या.

शिबिराला जायचं तर जा. जेवण बरं असतं असं ऐकून आहे.

ऑफिसात मात्र दोन गोष्टी बदलून बघा. कामाचा आग्रह रतीभरही कमी करू नका. १०० म्हणजे १००च. पण चूक सगळ्यांसमोर काढली की सगळे एकदाच शिकतात, असं तुम्हाला वाटतं. खरं आहे, शिकतात. काय शिकतात? तर आपली चूक मॅडमना दिसण्याआधी गपचूप कशी मिटवायची, हे. चूक सगळ्यांसमोर काढायचीच असेल तर आठवड्यातून एकदा आपली स्वतःची काढा. सापडत नसेल तर त्या नऊ जणांना विचारा, त्यांच्याकडे यादी असेल.

दुसरी गोष्ट वाटेची. रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं, उभ्याउभ्याच चालेल, फक्त शंका. आणि बोलायला सुरुवात सर्वांत ज्युनिअरने करायची, तुम्ही सर्वांत शेवटी. तुम्ही आधी बोललात की बाकीचे तुमच्या बोलण्याला माना डोलावतील. पहिले काही दिवस कोणी काही बोलणार नाही, ती शांतता तुम्हाला सहन होणार नाही आणि तुम्ही म्हणाल, ‘बघा, काही शंकाच नाहीत यांना.’ थांबा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी एक फालतू शंका विचारून तुमचं पाणी जोखेल. फालतूच असेल ती, मुद्दाम. त्या दिवशी तुम्ही ‘एवढंही कळत नाही का?’ म्हणालात की खेळ संपला. त्या दिवशी नुसतं उत्तर द्या.

आणि एक माणूस हवा. तुम्हाला तोंडावर सांगू शकेल असा. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला होता, ब्रिटन एकटा उरला होता आणि चर्चिल यांना पंतप्रधान होऊन दीडच महिना झाला होता. त्या धामधुमीत, २७ जूनला, क्लेमेंटाइन यांनी नवऱ्याला पत्र लिहिलं. तुमच्या विश्वासातल्या एकाने मला सांगितलं की तुम्ही हाताखालच्यांशी तुटक आणि उपहासाने वागता. बैठकीत कोणी काही सुचवलं तर इतकं तुच्छतेने उडवून लावता की लवकरच चांगल्या काय, वाईट कल्पनासुद्धा कोणी मांडणार नाही, असा त्याचा आशय होता. त्यांनी आधी एक पत्र लिहून फाडून टाकलं होतं, हे दुसरं. घरच्या बाईलासुद्धा दोनदा लिहावं लागलं. मग तुमच्या त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराकडून तुम्ही काय अपेक्षा करता? आणि ज्याने चर्चिलची तक्रार त्यांच्या बायकोपर्यंत पोचवली, त्याचीही थेट बोलायची छाती झाली नव्हतीच.

हे सगळं वाचून ‘मला हे जमणार नाही आणि जमवायचंही नाही’ असं वाटलं, तर तेही प्रामाणिकपणे म्हणता येतं. सल्लागार म्हणून, अवघड डिझाईन्स तपासणारी तज्ज्ञ म्हणून जागा मागा. हाताखाली कोणी नको, फक्त कठीण गणितं. त्यात काही कमीपणा नाही, आणि तिथे तुम्हाला कोणी टीम प्लेअर व्हायला सांगितलं तर मी स्वतः त्यांना पत्र लिहीन. पण नऊ माणसं ठेवायची आणि त्यांच्यापासून मिळणारी बातमी नको, असं चालणार नाही.

आता त्या मुलाचं. एक्स्पीरियन्स लेटरवर अजून सही केली नसेल तर दोन दिवस थांबा. केबिनमध्ये बोलावू नका, त्याच्या टेबलापाशी जा, ते ड्रॉइंग घेऊनच जा. ‘का सांगितलं नाहीस?’ हे पुन्हा विचारू नका, ते विचारून झालंय आणि त्याचं उत्तरही त्याने दिलंय. असं विचारा: ‘तुला हे दिसलं कसं?’ मंगळवारी तो नक्की काय तपासत होता, कुठल्या दोन प्रती शेजारी ठेवल्या होत्या, १५० वर नजर का थांबली, हे त्याला सांगू द्या. मध्ये बोलू नका. मोबाईल उलटा ठेवा. मला वाटतं तुम्हाला त्यात स्वतःसारखंच काहीतरी ओळखीचं सापडेल, कारण ती नजर सगळ्यांना नसते. मग त्याला थांब म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. तो नाहीच थांबला, तर पत्रात त्या बाल्कनीचा उल्लेख करा. चूक त्याने मंगळवारी पकडली होती, असाच.